मुळं धरेपर्यंत

मुंगी आली तेव्हा मी ड्रमवर वाकून पेंडीचं पाणी ढवळत होतो. पेंड भिजवून सहा दिवस झाले होते. त्या वासाला माझं नाक सरावलंय, शेजाऱ्यांचं नाही, म्हणून हे काम मी भर दुपारी उरकतो, गल्लीतली माणसं कामावर गेलेली असताना. फाटक वाजलं म्हणून मान वर केली, तर पोर उभी. हातात एक बॅग. बरोबर जावई नाही आणि येण्याआधी फोनही नाही.

"काही दिवस राहते," ती म्हणाली.

"राहा की," मी म्हणालो आणि ढवळत राहिलो.

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, वय वर्षं चौतीस. लहानपणी भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. लग्न होऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षांत ती कधी एकटी आली नव्हती आणि कधी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिली नव्हती. काहीतरी बिनसलंय हे कळायला मला चष्मा लागत नव्हता.

माझा धंदा लोकांच्या कुंड्यांना खाऊपिऊ घालण्याचा. सत्तावीस वर्षं झाली. दोन कॅन, एक खुरपं, एक पिशवी. नऊ ऑफिसं, एक दवाखाना, वीसेक घरं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाकडे चक्कर. माती बघायची, पानं पुसायची, भूक असेल त्याला खत द्यायचं आणि नसेल त्याला द्यायचं नाही. यातला शेवटचा भाग लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, खत आणलंय तर घाला की सगळ्यांना थोडं थोडं. विमा कंपनीतला हेडक्लार्क रोज उरलेला चहा साखरेसकट कुंडीत ओततो आणि वर मलाच विचारतो, मुंग्या का झाल्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या फोनवर जे जे वाचतील ते ते गुलाबाला घालतात. अंड्याची टरफलं, केळ्याची सालं, कॉफी, वरून मूठभर दाणेदार खत. मी गेलो की पानांच्या कडा करपलेल्या आणि मातीवर पांढरा थर. मग तो थर खरवडा, बादल्या बादल्या पाणी ओतून आतलं खत धुऊन काढा आणि बाईंची समजूत घाला. झाडाला एक वेळ समजतं, बाईंना नाही. खरं सांगायचं तर मी थकलोय. गुडघे थकलेत, खांदे थकलेत आणि तेच तेच सांगून जीभही थकली आहे.

आमच्या धंद्यात एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. कुंडी बदललेल्या झाडाला खत घालायचं नाही. एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलं की त्याची बारीक मुळं तुटलेली असतात, अंग सोललेलं असतं. अशा वेळी खत घातलं तर मुळं जळतात. त्याला सावलीत ठेवायचं, जेमतेम पाणी द्यायचं आणि विसरून जायचं. हलवून बघायचं नाही, उकरून बघायचं नाही. मुळं धरली की ते स्वतःहून नवं पान काढतं. तीन आठवडे लागतात, कधी चार. पान दिसलं की मग द्या काय द्यायचं ते.

त्या रात्री जेवताना मुंगीनं अर्ध्या पानावरून उठून हात धुतले. ती खोलीत गेली तशी ही उठली. ही म्हणजे माझी बायको. हिच्या पोटात प्रश्न मावत नाहीत.

"कुठे चाललीस?"

"कुठे म्हणजे? विचारायला. काय झालं ते कळायला नको?"

"बस खाली," मी म्हणालो. "आजच आलीय. जरा स्थिरस्थावर होऊ दे. सांगायचं तेव्हा सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल गं. मुळं धरू दे जरा."

ही माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, पोटची पोर आहे ती, कुंडी आहे का?"

"तू उकरत बसू नकोस एवढंच सांगतो," मी म्हणालो. तिला वचन द्यायला लावलं. तिनं दिलं, पण भांडी जरा जोरात घासली.

मला वाटलं होतं, मी फार शहाणपणाचं वागतोय. बियांचे ट्रे ठेवायची मागची खोली मी तिला मोकळी करून दिली. ती खोली थंड असते. उशीवर नवा अभ्रा घातला. खिडकीत दुपारचं ऊन येत होतं, तिथे हिरवं कापड बांधलं. ती उशिरा उठली तर उठवलं नाही, जेवली नाही तर आग्रह केला नाही. जावयाला फोन केला नाही. फोन माझ्या हातात आला होता एकदोनदा, पण ठेवून दिला. सकाळी मी सात वाजता निघायचो, तेव्हा ती मागच्या पायरीवर बसलेली असायची. मी म्हणायचो, "येतो गं." ती म्हणायची, "या." एवढंच आमचं बोलणं. संध्याकाळी परत यायचो तेव्हा अंग असं मोडून आलेलं असायचं, की बोलायचं नाही असं ठरवायची गरजच नसायची. हेही कबूल केलं पाहिजे. गप्प राहणं मला सोपं पडत होतं.

दोन आठवडे असेच गेले. ही मला रोज डोळ्यांनी विचारायची आणि मी मान हलवायचो. शेजारणीनं फाटकाशी गाठून "लेक बऱ्याच दिवसांची आलीय?" असं विचारलं, तेव्हा हिनं "हो, खत घालायचं थांबलोय आम्ही" असं उत्तर दिलं. ती बिचारी काय समजली कोण जाणे.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी मुंगी आपणहून म्हणाली, "आज मी येऊ तुमच्याबरोबर?"

मला बरं वाटलं. चला, म्हटलं, हललं काहीतरी. एक कॅन तिच्याकडे दिला. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टवाला कॅन आत घेऊ देत नाही, सांडतं म्हणतो. तेव्हा जिना. ती माझ्या पुढे चढत होती आणि प्रत्येक वळणावर थांबत होती, माझ्यासाठी. तिनं ते दाखवलं नाही, उगाच भिंतीवरच्या पाट्या वाचल्यासारखं करत होती.

दवाखान्यात बाहेर सात कुंड्या आहेत. बाकावर दोघं गाल धरून बसले होते. मी एकेक कुंडी बघत गेलो. बोट मातीत खुपसायचं, कोरडी असेल तर आधी साधं पाणी, मग खताचं, तेही कोऱ्या चहाइतकं पातळ. मुंगी पानं पुसत होती. लहानपणी सुट्टीत यायची, तेव्हाचं सगळं तिला आठवत होतं. पान खालून धरायचं आणि देठाकडून टोकाकडे पुसायचं, हेसुद्धा.

कोपऱ्यातल्या कुंडीशी मी नुसतं थोडं पाणी घातलं आणि पुढे सरकलो.

"याला नाही दिलंत?"

"गेल्या खेपेलाच कुंडी बदललीय याची."

"मग त्याला जास्त नको द्यायला?"

"उलट. मुळं दुखावलेली असतात. आता काही द्यायचं नाही. लांबच राहायचं."

तिनं पुसायचं थांबवलं. "किती दिवस?"

"नवं पान येईपर्यंत."

"आणि आलंच नाही तर?"

"येतं गं," मी म्हणालो.

"पण त्याला कसं कळणार बाबा, की तुम्ही मुद्दाम लांब राहिलाय? त्याला वाटेल, विसरले."

बाकावरचा माणूस गाल धरल्या धरल्या हसला. मीही हसलो. म्हणालो, "झाडाला कुठे एवढं वाटतं!" आणि खाली वाकून दुसऱ्या कॅनचं झाकण उघडायला लागलो. एकसष्ट वर्षांचा माणूस मी, सत्तावीस वर्षं पानाच्या रंगावरून भूक ओळखतो असं सगळीकडे सांगत फिरतो. ती माझ्यासमोर ओला फडका हातात घेऊन उभी होती आणि मला ओळखता आलं नाही. आजही तो जिना चढताना हे आठवतं आणि स्वतःचा राग येतो.

त्यानंतर ती पुन्हा माझ्याबरोबर आली नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो, तर ती बॅग घेऊन बाहेर आली. केस विंचरलेले, कपडे प्रवासाचे.

"निघते," ती म्हणाली.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली. मला म्हणाली, "आता तरी?" म्हणजे, आता तरी विचारू का. मी काही बोलायच्या आत मुंगीच म्हणाली, "काय आता तरी?"

"अगं, तुझ्या बाबांनी मला शपथ घातलीय. तुला काही विचारायचं नाही म्हणून. बावीस दिवस तोंड शिवून बसलेय मी."

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं. "का?"

मी सांगितलं. कुंडीचं, मुळांचं, नव्या पानाचं. मला वाटलं होतं, ऐकून तिला बरं वाटेल. बोलता बोलता मलाच ते कसंतरी ऐकू यायला लागलं. शेवटी मी म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून."

ती बॅगेवरच बसली. रडली नाही. थकलेल्या आवाजात, हिशेब सांगावा तसं बोलत गेली. आठ महिने जावई तिच्याशी बोलत नव्हता. भांडण नाही, शिवीगाळ नाही, हात उचलणं नाही. नुसतं बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून फ्रीजवर लावायचा. 'गॅस संपला.' 'उद्या उशीर.' जेवताना समोर बसायचा आणि तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचा. आधी तिला वाटलं आठवडाभर चालेल. मग महिना. मग ती ऑफिसात बोलताना अडखळायला लागली, दुकानदाराला साखर मागतानाही शब्द सापडेना, तेव्हा घाबरली.

"म्हणून आले," ती म्हणाली. "म्हटलं, आईबाबांच्या घरी निदान कोणीतरी बोलेल. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या विचारतील. मग वाटलं, आठवड्यानं विचारतील. रोज सकाळी त्या पायरीवर बसत होते ती त्यासाठीच, बाबा. तुम्ही त्याच वाटेनं जाता म्हणून. तुम्ही 'येतो गं' म्हणायचात आणि जायचात."

माझ्या एका पायात बूट होता, एक हातात. ही भिंतीला टेकून उभी होती आणि पदरानं तोंड दाबून धरलं होतं.

"मग आता कशाला चाललीस परत?" मी विचारलं. तिला विचारलेला हा माझा पहिला प्रश्न, तोही बूट हातात धरून.

"तिथेही कोणी बोलत नाही, इथेही नाही. तिथे निदान माझी कपाटं आहेत."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. मी खाली जमिनीवर बसलो, तिच्यासमोर. गुडघे कुरकुरले. म्हटलं, आता विचारायचंच. "त्यानं बोलणं का बंद केलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी नोकरी बदलली त्याच सुमाराला. त्यावरून असेल. किंवा दुसरंही काही असेल."

"तू विचारलं नाहीस त्याला? आठ महिन्यांत?"

ती बॅगेचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नाही. मला वाटलं, उकरू नये. त्याचा राग शांत झाला की बोलेल स्वतःहून." आणि पुढे, "आपल्या घरी असंच करतात ना?"

तिनं टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. लहानपणी ती रुसायची तेव्हा मी हिला सांगायचो, सोड तिला, येईल आपोआप. यायचीही ती, संध्याकाळपर्यंत, भिंतीच्या कडेकडेनं. मला वाटायचं, जमलं. तिनं त्यातून काय उचललं, ते आज कळत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. मुलीला असं कधी म्हणालो नव्हतो. हिलाही नाही.

ती उठली. "जाऊन येते. विचारून येते एकदा त्याला, तोंडावर. नाहीतर मलाच जन्मभर वाटत राहील की मी विचारलंच नाही."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर तो तुमच्याशी बोलेल आणि मला वाटेल सगळं ठीक आहे."

ती गेली. मी कामावर गेलो, कारण नऊ ऑफिसांपैकी तीन त्या दिवसाची होती. एका कुंडीला दोनदा पाणी घातलं आणि एकीला घातलंच नाही. हेडक्लार्क म्हणाला, आज तुमचं लक्ष कुठे आहे. मी म्हणालो, मुलीकडे. त्यानं स्वतःचा चहा पूर्ण प्यायला.

साडेसहाला घरी आलो, हातपाय न धुताच फोन लावला. मी फोन लावणारा माणूस नव्हे. मुंगीनं उचलला तेव्हा आधी घाबरलीच. "आईला काही झालं का?"

"काही नाही. तुझं काय झालं?"

"तो यायचाय अजून. सातपर्यंत येतो."

"बरं," मी म्हणालो. एरवी इथे मी फोन ठेवला असता. "मग तोवर बोलतो."

"काय बोलता?"

खरंच की. काय बोलायचं? मला एकच विषय येतो. मी तिला हेडक्लार्कचं सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी आता गुलाबाला दूध घालायचं काढलंय ते सांगितलं. पेंड कोणती चांगली, कोणतीत भेसळ असते, शेणखत किती जुनं असावं, सगळं सांगितलं. ती "हं, हं" करत होती. एकदा हसली. बोलून बोलून माझा घसा बसला, ही पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली. इतकं मी सलग कधी बोललो असेन तर आठवत नाही.

मग पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज आला. मुंगी हळूच म्हणाली, "आला. ठेवू नका हं." फोन टेबलावर ठेवल्याचं कळलं.

पावलं आली. खुर्ची सरकली. मुंगीचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "तू माझ्याशी का बोलत नाहीस?"

काही नाही.

"मी विचारतेय. आठ महिने झाले. मी काय केलं, ते सांग. भांड पाहिजे तर, पण बोल."

तेवढ्यात टीव्ही लागला. कुठल्याशा सामन्याचा गलका. मुंगीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो गलका मोठा झाला. त्यानं आवाज वाढवला होता. मग आणखी वाढवला. मला पुढचं काही ऐकू येईना.

थोड्या वेळानं फोन उचलल्याचा आवाज झाला. "बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग मला न्यायला या."

"आत्ता निघतो," मी म्हणालो. ही केव्हाच दारात उभी होती, पायात चपला, हातात कुलूप. बसनं दीड तासाची वाट होती आणि दिवसभराचे पाय माझे, तरी मी बूट चढवले. नाडी बांधायला वाकलो तेव्हा ही म्हणाली, "आणि आता गप्प बसायचं नाही हं. सुचलं नाही तरी बोलायचं. विचारायचं."

फोन अजून चालूच होता. मी तो पुन्हा कानाला लावला. पलीकडे टीव्हीचा कल्लोळ आणि त्यात तिचा श्वास.

"मुंगे," मी विचारलं, "सामान किती होईल गं?"

"थांबा हं," ती म्हणाली आणि मोजायला लागली.